इर्मा जेवत नाही

लाल दिव्यापाशी गाडी थांबली आणि शेजारच्या सीटवरच्या कागदी खोक्यातून उंदरानं नाक बाहेर काढलं. गुलाबी, ओलसर, सारखं हलणारं. ‘ए!’ डेल्फीन ओरडली, आगाऊ पोराला दटावावं तशी. नाक आत गेलं आणि लगेच परत बाहेर आलं, या वेळी मिशांसकट. खोक्याचा कोपरा कुरतडून त्यानं चांगलं कोटाच्या बटणाएवढं भोक पाडलं होतं. तिनं गळ्यातला मफलर काढला आणि खोक्याभोवती गुंडाळला. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न मारला. दिवा केव्हाच हिरवा झाला होता. ‘मार बाबा, मार. तुझ्या शेजारी कुठे उंदीर बसलाय,’ ती आरशात बघून म्हणाली. मार्च महिना, रस्त्याच्या कडेला काळं पडलेलं बर्फ, शुक्रवारची दुपार, आणि या वयात आपण मिलवॉकीच्या भर रस्त्यात उंदराला मफलर घालतोय. हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. अलीकडे तिला कशाचंच हसू येत नसे, नुसता संताप यायचा, आणि तो कुणावर काढायचा हेच ठरत नसल्यामुळे आतल्या आत नासायचा.

बरं, हा उंदीर काही नवा नव्हता. डाव्या कानामागे काळा ठिपका असलेला हा पांढरा उंदीर तिनं याआधीही विकत आणला होता, घरी नेला होता, सापानं तोंड लावलं नाही म्हणून परत दुकानात सोडला होता, आणि पुन्हा आणला होता. दुकानदार ड्वेन दाढी खाजवत म्हणाला होता, ‘डेल्फीन, हे काही उंदरांचं हॉटेल नाही बरं का. आजसुद्धा हा जिवंत परत आला तर मी त्याच्याकडून भाडं घेईन.’ तिनं पैसे पुढे केले. ड्वेन बिचारा भला माणूस. एकदा गेलेलं जनावर कुणी परत घेत नाही, तो घेत होता, कारण तिचा नवरा नॉर्ब त्याचं जुनं गिऱ्हाईक. नॉर्बचा नियम होता, उंदराला नाव द्यायचं नाही. नाव दिलं की मग तो सापाच्या पुढ्यात ठेवता येत नाही. डेल्फीननं नाव दिलं नव्हतं, पण एवढ्या येण्याजाण्यात ओळख व्हायची ती झालीच होती. तो तिला ओळखत असावा असंसुद्धा तिला वाटायचं. हिच्या गाडीत बसलं की फिरून यायचं आणि परत आल्यावर खायला मिळायचं, एवढं त्याला कळलं होतं. नवरा जेवत नव्हता, साप जेवत नव्हता, आणि मधल्यामधे हा लेकाचा खाऊन खाऊन गुबगुबीत झाला होता.

दुकानात पैसे देतानाच, नॉर्बला ठेवलं होतं त्या शुश्रूषेच्या सेंटरमधून रोशेलचा फोन आला होता. रोशेल तिथली मदतनीस, नॉर्बचं अंग पुसणारी, कपडे बदलणारी, त्याला भरवणारी. ‘मिसेस के, तुम्हाला सांगायला नको वाटतं, पण दुपारी पण तेच. दोन घास गेले असतील नसतील, लगेच चमचा आपटायला लागले. मानेनं नाही, नाही. मी काय करू? ताट उचललं.’ आणि मग, ‘डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर सोमवारी पोटात नळी घालू. तुमची सही लागेल.’ नळी. म्हणजे यापुढे घास नाही, चव नाही, बाटलीतलं पिठूळ पाणी थेंबाथेंबानं थेट पोटात. नॉर्ब, ज्याला कांदा घातलेल्या सॉसेजचा वास जिन्यावरूनच यायचा, तो नॉर्ब. ‘मी बघते,’ एवढंच ती म्हणाली होती. काय बघणार होती, कपाळ? जन्मभर तिनं माणसांना खायला घालण्यापलीकडे केलं तरी काय होतं? शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांच्या ताटांत बटाटे वाढले, घरी मुलीला, नवऱ्याला, सासूला वाढलं. आणि आता शेवटी शेवटी कुणी तिच्या हातचं खायला तयार नव्हतं, माणूसही नाही आणि जनावरही नाही.

जनावराला नाव ठेवलं होतं इर्मा. म्हणजे डेल्फीनच्या सासूचं. नॉर्ब म्हणायचा, दुकानातच तिचं नाव इर्मा होतं, मी काय करू. डेल्फीनचा त्यावर कधी विश्वास बसला नाही. त्यांचं घर दक्षिणेकडच्या जुन्या पोलिश वस्तीतलं, अर्धं जमिनीत गेलेल्या खालच्या खोल्या आणि त्यावर राहतं घर. खालच्या खोल्यांत सासू राहायची, आणि काही हवं झालं की झाडूच्या दांड्यानं छतावर ठोकायची. पायाखालून ठकठक आली की डेल्फीन हातातलं टाकून धावायची. आणि खाली गेल्यावर उघड्या दाराशीसुद्धा आधी तीनदा टकटक करायला लागायची. एकदा ती न टकटकता आत गेली, तर म्हातारी म्हणाली होती, ‘तुमच्या घरी गुरांच्या गोठ्यात जातात तसं इथे शिरायचं नाही.’ नवी सून होती ती तेव्हा, कान लाल झाले होते. ते लाल होणं अजून आठवलं की कानात गरम वाटायचं. सासू गेली, त्या खोल्या रिकाम्या झाल्या, आणि कारखान्यातून निवृत्त झाल्यावर नॉर्बनं तिथे काचेची पेटी, दिवा, खाली ऊब देणारी गादी, लाकडाचं पोकळ खोड आणि त्या खोडात वेटोळं करून बसणारा हा आफ्रिकेतला अजगर आणून ठेवला. मोठा नव्हे, हातभर रुंदीच्या उशीवर मावेल एवढाच, तपकिरी, अंगावर लोण्याच्या रंगाचे डाग. ‘सासू गेली आणि साप आला, नाव तेच, जागा तीच,’ शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून चर्चच्या तळघरात मासे तळले जायचे, त्या वेळी ती बायकांना सांगायची, आणि त्या हसून हसून लोटपोट व्हायच्या. तेव्हा तीही हसायची.

नॉर्ब घुम्या. वितळलेलं लोखंड ओतायच्या कारखान्यात आयुष्य गेलं, तिथल्या आवाजात बोलून उपयोग नसायचा, म्हणून बोलायची सवयच मोडली, असं तो एकदा म्हणाला होता, आणि तेच त्याचं सगळ्यांत लांबलेलं भाषण असावं. पण खाली सापापाशी तो बोलायचा. ती कपड्यांची टोपली घेऊन जिन्यात थांबायची आणि ऐकायची. भिंतीवरच्या खिळ्याला एक लोखंडी आकडा टांगलेला असे, लांब दांड्याचा. तो घ्यायचा, झाकण सरकवायचा, आणि आकड्यानं सापाच्या पाठीवर हलकेच तीनदा टकटक करायचा. मग तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचा, हात घालून तिला अलगद उचलायचा, आणि ती त्याच्या मनगटावरून दंडावर सरकत जायची. डेल्फीनला राग यायचा. सापाचा नाही, त्या पुटपुटण्याचा. एवढ्या वर्षांत माझ्या दाराशी येऊन हा माणूस असं हळू काही बोलला नाही, असं तिच्या मनात यायचं, आणि ती मुद्दाम पाय आपटत वर जायची. खाऊ घालताना मात्र तिनं कधी पाहिलं नव्हतं. तो शुक्रवारी घालायचा, आणि शुक्रवारी ती चर्चमध्ये. ईस्टरच्या आधीच्या उपासात तर तो हसून म्हणायचा, ‘आज घरात मांस फक्त इर्मालाच.’ परत येईपर्यंत सगळं उरकलेलं असे, साप सुस्त, पेटी बंद, आणि नॉर्ब नळाखाली कोपरापर्यंत हात धूत उभा.

नोव्हेंबरमध्ये त्याला झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. मुलगी जोआन ॲरिझोनातून आली, आठवडाभर राहिली, गेली, आणि तेव्हापासून फोनवर एकच, ‘मा, तो साप देऊन टाक ना कुणाला तरी. तू आधीच दमलीयेस.’

‘बाप परत आला आणि पेटी रिकामी दिसली तर? तू येणारेस का तोंड दाखवायला?’

‘मा, पपा परत...’ आणि पुढे जोआन काही बोलायची नाही.

ते पुढचं न बोललेलं डेल्फीनला झोंबायचं. म्हणून तिनं पदर खोचला. म्हणजे ॲप्रनच बांधला, नॉर्बचे जाड हातमोजे घातले, लांब चिमटा घेतला, आणि ड्वेननं सांगितलं ते सगळं डोक्यात पक्कं केलं: उंदीर चिमट्यानं धरायचा, हातानं नाही. उपाशी उंदीर आत सोडायचा नाही, तो सापालाच खातो. आणि काहीही झालं तरी पेटीपासून हलायचं नाही; सापानं घेतला नाही तर उंदीर बाहेर काढायचा. मेलेला, बर्फातला उंदीर गरम पाण्यात शेकून देता येतो म्हणतात, तोही तिनं देऊन पाहिला. महाराणीनं त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, जन्मभर जिवंतच खाल्लेला. आणि पहिल्याच वेळी, नॉर्बसारखी तीनदा टकटक करून जिवंत उंदीर आत, साप खोडात, आणि वर फोन वाजायला लागला. सेंटरचा असेल, नॉर्बचं काही असेल, म्हणून ती जिना चढून धावली. होती जोआन, ‘सहजच केला’ म्हणणारी. खाली येऊन बघते तर साप खोडाच्या भिंतीला चिकटून गप्प, आणि उंदीर निवांत त्याच्या पाठीवर बसून कुरतडतोय. ती किंचाळली. चिमट्यानं उंदीर ओढून काढला तेव्हा इर्माच्या पाठीवर नखाएवढी उघडी जागा झाली होती. रोज मलम लावून लावून ती भरत आणली, पण खवले परत आले नाहीत, एक चकचकीत डाग राहिला. अजगर जातीचा साप, आणि उंदीर खातोय तरी हलत नाही! याच्यापुढे हात टेकले. तिला सापाचा राग आला, अगदी जावेचा यावा तसा. खायचं नाही, पण स्वतःला खाऊ द्यायचं, म्हणजे काय?

तेव्हापासून ती फारच सांभाळून वागायची. आधी आकडा, मग झाकण, मग तीनदा टकटक, नॉर्ब करायचा तशीच, उलट जास्तच नीट, म्हणजे बयेला कळावं कोण आलंय, दचकून ती हातावर यायला नको. मग उंदीर. साप जीभ बाहेर काढायचा, उंदराकडे बघायचा, आणि मान फिरवून खोडात जायचा. दर वेळी. ती चिमटा धरून उभी, मनगट दुखायला लागलेलं, उंदीर चिमट्यात हात पाय पसरून लोंबकळतोय, आणि समोर खोडातून नुसता काळोख. ‘अगं खा ना, खा ना बये, तुझ्या पाया पडते,’ ती म्हणायची. इर्मा अशी बारीक झाली होती की पाठीचा कणा वर आला होता, नॉर्बच्या बरगड्या वर आल्या होत्या तशाच.

संध्याकाळी ती सेंटरला जायची, जेवणाच्या वेळी. दाराच्या चौकटीवर तीनदा टकटक, सवयच ती. मग खुर्ची ओढायची. रोशेल त्याच्या डाव्या हातात चमचा द्यायची, कारण स्वतः खाण्याचा सराव ठेवायचा म्हणून, आणि पुढ्यात सगळं लगदा केलेलं, गाजराचा लगदा, कोंबडीचा लगदा, बटाट्याचा तर लगदाच असतो. आणि डेल्फीन बोलायला लागायची, कारण गप्प बसणं तिला जमत नसे आणि त्यानं तर बोलणंच सोडलं होतं. ‘तुझी महाराणी आजही जेवली नाही, नॉर्ब. सगळं तू करतोस तसंच करते बघ. आधी आकडा घेते, तीनदा टकटक करते...’ की त्याच्या हातातला चमचा ताटाच्या कडेवर आपटायला लागायचा, ठक, ठक, ठक, आणि डोकं जोरजोरात डावीउजवीकडे. तोंडातून ‘ना... ना...’ असं काहीतरी. बोलणं शिकवणारी मुलगी यायची तिनं सांगून ठेवलं होतं, अशा झटक्यात हो आणि नाहीची अदलाबदल होते, मान हलवली म्हणजे नाहीच असं धरू नका. म्हणून डेल्फीन त्याचा हात थोपटायची, ‘हो रे बाबा, हो, करते ना टकटक. विसरत नाही. उद्यापासून आणखी जोरात करते.’ आणि त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, चमचा आणखी आपटायचा, लगदा सांडायचा, आणि मग रोशेल म्हणायची, ‘नको म्हणतायत हो, राहू दे.’ ताट जायचं. गंमत बघा, सापाच्या बाबतीत तिनं त्याच्या नाहीचा हो केला, आणि जेवणाच्या बाबतीत सगळ्यांनी मिळून त्याचं नाही म्हणजे नाहीच धरलं. मग तर तिची पाठ वळली तरी चमचा हातात आला की तो आपटायचा. रोशेलपुढे, सकाळच्या पोरीपुढे, ज्याच्या त्याच्यापुढे.

हे सगळं अजून तिला कळलेलं नव्हतं. आत्ता ती घराशी गाडी लावत होती आणि मफलरमधला खोका ओला लागत होता. उंदरानं आपलं काम करून तळ भिजवला होता आणि कागद लिबलिबीत झाला होता. कोट गाडीच्या सीटवरच सोडून, एक तळवा खोक्याखाली दाबून धरत, दुसऱ्या हातानं किल्ली लावत, शिव्या देत ती जिना उतरली. खाली दिवा, ऊब, जुन्या वर्तमानपत्रांचा आणि सापाचा तो कोरडा वास. खोक्याचा तळ आता फाटायलाच आला होता, तिच्या तळव्याला इवल्याशा नखांचे पाय लागत होते. चिमटा टेबलावर होता, तो घेतला. आकडा समोरच्या भिंतीला, पार पलीकडे खिळ्यावर. तिकडे जायचं तर उंदीर हातातून सुटणार, सासूच्या जुन्या कपाटामागे जाणार, आणि मग आयुष्यभर शोधत बसा. ‘मर मेल्या,’ ती आकड्याला म्हणाली. कोपरानं झाकण ढकललं, चिमट्यानं उंदराची मानेमागची कातडी धरली, फाटका खोका खाली पडला, आणि तिनं उंदीर आत नेला. कोण आलंय ते सांगितलं नाही. टकटक केली नाही.

खोडातून काय बाहेर आलं ते तिला दिसलंच नाही. एक झटका, चिमट्याला हिसका, जिन्याच्या खाली कुणीतरी दार लोटावं तसा, आणि चिमटा तिच्या हातातून सुटून पेटीत पडला. उंदीर एकदाच ओरडला. वेटोळी पडली, एक, त्यावर दुसरं, घट्ट, घट्ट, आणि त्यातून फक्त काळा ठिपका असलेला कान आणि एक मागचा पाय बाहेर राहिला. डेल्फीन मागे भिंतीला टेकली होती. तिला ‘अगं बाई’ म्हणायचं होतं, ते मनातच म्हटलं गेलं. पळावंसं वाटत होतं. पण नियम, हलायचं नाही, उंदीर पूर्ण शांत होईपर्यंत हलायचं नाही, आणि पहिल्या खेपेला हलण्याची शिक्षा त्या चकचकीत डागाच्या रूपानं तिच्यासमोरच वेटोळं करून बसली होती. म्हणून ती उभी राहिली. त्या मागच्या पायाची बोटं ताणली गेली, सैल झाली. तिला रडू यायला लागलं. ओळखीचा होता तो. बिचारा दर वेळी परत जायचा, आणि आज त्याला वाटलं असेल, पुन्हा फिरून यायचंय. आणि त्याच वेळी तिला हायसंही वाटत होतं, की खातेय, अखेर खातेय, माझ्या हातचं खातेय. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं हे तिला समजत नव्हतं, पण वाटत होतं.

उभं राहून राहून बघण्यासारखी फक्त भिंत उरली, आणि भिंतीवर तो आकडा. आज का? इतके शुक्रवार नाही आणि आज का? आज मी काय वेगळं केलं? काही नाही, उलट गबाळेपणा केला, टकटकसुद्धा केली नाही. टकटक केली नाही. ती आकड्याकडे बघत राहिली. मग जिन्यात कपड्यांची टोपली घेऊन उभी असलेली ती स्वतः तिला दिसली, आणि नॉर्बचं ते पुटपुटणं, जे तिनं कधी नीट ऐकलं नव्हतं कारण रागानं कान भरलेले असायचे, ते आता, रिकाम्या खोलीत, शब्दन् शब्द ऐकू आलं. ‘जेवण नाही गं,’ तो म्हणायचा. तीन टकटका, आणि मग, ‘जेवण नाही गं, फक्त मी.’

म्हणजे ती खूण होती. उचलायला आलो, खायला घालायला नव्हे. तोंड मारू नकोस, हात आहे माझा. खायला घालायच्या दिवशी तो टकटक करतच नसणार. आणि तो दिवस तिनं कधी बघितलाच नव्हता, ती चर्चमध्ये मासे तळत होती. उचलण्याचं तेवढं बघितलं होतं, तेही जळफळत. आणि मग प्रत्येक वेळी जेवण हातात घेऊन, अदबीनं, पाठ केल्यासारखं, तिनं त्या जनावराला सांगितलं होतं, जेवण नाही, जेवण नाही, जेवण नाही. शहाणा साप. ऐकत होता बिचारा. पाठीवर उंदीर बसला तरी ऐकत होता. ‘अगं गाढवे,’ डेल्फीन म्हणाली, सापाला नव्हे. तिला हसू फुटलं, चांगलं खदखदून, इतक्या दिवसांचं, आणि हसता हसता ते मधेच तुटलं.

कारण कानात ठकठक ऐकू येत होती. चमचा, ताटाच्या कडेवर, ठक, ठक, ठक, आणि मान, नाही, नाही, नाही. टकटक नाही. टकटक करू नकोस. अदलाबदल कसली, त्याचं नाही हे नाहीच होतं. तो तिला सापाचं सांगत होता, आणि आम्ही सगळ्यांनी त्याचं ताट उचललं! बोलायचं साधन एक चमचा, तो हातात पडायचा फक्त जेवणाच्या वेळी, आणि तो वापरला की जेवण जायचं. आणि तरी तो वापरत राहिला. किती चिडला असेल तो, तिच्यापेक्षा किती जास्त, तिला निदान आरशात बघून गाडीवाल्यांना शिव्या तरी देता येत होत्या. तिनं पेटीत पाहिलं. इर्मा वेटोळं सैल करून उंदराचं डोकं शोधत होती. झाकण सरकवलं, कडी लावली, कोट घालायचाच राहिला, ती तशीच गाडीत बसली. दिवे लाल होते का हिरवे, नंतर तिला सांगता आलं नसतं.

सेंटरच्या त्या लांब, फिनेलच्या वासाच्या बोळातून ती जवळजवळ धावतच गेली. नॉर्बच्या दाराशी हात चौकटीवर उचलला गेला, बोटं वाकलेली, सवयीनं. तिनं तो हात तसाच खाली घेतला आणि आत गेली. रोशेल ताट उचलत होती. नॉर्बच्या हातात चमचा होता आणि हनुवटीवर गाजर.

‘ठेव ते,’ डेल्फीन म्हणाली.

‘मिसेस के, त्यांनी आत्ताच आपटला चमचा, नको म्हणतायत...’

‘नको नाही म्हणत तो. कधीच म्हणत नव्हता. ठेव ते ताट खाली, रोशेल, नाहीतर मी ओरडेन.’

रोशेलनं तिच्याकडे पाहिलं, कोट नाही, केस उडालेले, आणि ताट ठेवलं. डेल्फीन खुर्चीवर बसली नाही, बिछान्याच्या कडेला बसली. नॉर्बचा चमचा वर गेलेला होता. तो खाली यायच्या आत ती म्हणाली, ‘टकटक केली नाही मी. आज नाही केली. हात भरलेले होते, आकडा लांब होता, तशीच उघडली पेटी. आणि खाल्लं तिनं, नॉर्ब. असं ओढून घेतलं की चिमटा गेला माझ्या हातून.’

चमचा तिथेच राहिला. त्याचं तोंड अर्धं वाकडं, डावा डोळा मोठा झालेला. मग त्याच्या छातीतून एक आवाज आला, जड काहीतरी जमिनीवर ठेवल्यावर माणूस करतो तसा, आणि चमचा गादीवर पडला.

‘सांगत होतास,’ ती म्हणाली. ‘रोज सांगत होतास. आणि मी काय, हो बाबा, आणखी जोरात करते! अरे, उशी तरी फेकून मारायचीस मला!’ तिचा आवाज चढला होता, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं डोळे उघडले, चढू दे. तिनं चमचा पुसला, बटाटा घेतला, आणि काही विचारलं नाही, खातोस का, नको का, काही नाही. नुसता पुढे केला. त्यानं तोंड उघडलं. गिळायला वेळ लागला, कंठ वरखाली झाला. दुसरा. तिसरा. रोशेल दाराशी उभी होती, हातात पुसायचं फडकं तसंच. गाजराला त्यानं तोंड वाकडं केलं, ते त्याला जन्मात आवडलं नव्हतं, ती म्हणाली, ‘गाजर नको? मग नको,’ आणि कोंबडी भरवली. अर्धं ताट गेलं, थोडं जास्तच. ‘सोमवारचं?’ रोशेलनं हळूच विचारलं. ‘सोमवारचं सोमवारी. पण सकाळी त्याला भरवायला मी येणार, आणि तोपर्यंत कुणी त्याचं ताट उचलायचं नाही,’ डेल्फीन म्हणाली.

ताट गेल्यावर ती तिथेच बसून राहिली. सापाचं सांगून झालं होतं, आणि त्याशिवाय त्या दोघांत बोलायचं असं कधी फारसं नव्हतंच. खिडकीबाहेर गाड्या उभ्या होत्या. तिच्या मांडीवरच्या हाताला उंदराचा वास येत होता. चादरीवरून नॉर्बचा डावा हात सरकत आला, चमचा नसलेला, आणि त्याच्या वाकवलेल्या बोटाचं हाड तिच्या हातावर वाजलं. हलकेच. तीनदा.

‘काय हवंय?’ ती सरसावून बसली. ‘पाणी? उशी?’

त्यानं मान हलवली. नाही. पुन्हा तीनदा.

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग तिला ऐकू आलं, जिन्यातून ऐकू यायचं तसं.

‘जेवण नाही,’ ती सावकाश म्हणाली. ‘फक्त तू.’

त्यानं डोळे मिटले, उघडले. एवढ्या वर्षांत या माणसानं हे तिला कधी म्हटलं नव्हतं, आणि आज म्हटलं तेही सापाच्या भाषेत. मेल्याला दुसरी येत नव्हती. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. ‘हात धुवायला हवेत मला,’ ती नाक ओढत म्हणाली, ‘उंदराचा वास मारतोय.’ पण हात तिनं काढून घेतला नाही.